खांबेट्यांचा स्नोबोर्ड

"हळू जाणारा नाही का एखादा?" जन्मात स्कूटर तीसच्या वर न नेलेल्या खांबेट्यांनी गुलमर्गच्या दुकानदाराला दबक्या आवाजात विचारलं. गेल्या वर्षी इथल्याच उतारावर लेकीचा गुडघा मोडला होता, आणि यंदा तिला कुठल्याही बर्फावर सुसाट वळणारा स्नोबोर्ड हवा होता.

"आहे की. पण तो लेचापेचा असतो, साहेब. कडक बर्फावर वळताना त्याची कड धरत नाही, माणूस घसरतो. मागच्या वेळी कुठला होता?"

"बाबांनी निवडलेला," लेक मागून म्हणाली. "सगळ्यात हळू."

खांबेट्यांनी चष्मा पुसला, परत घातला आणि दुकानातला सगळ्यात वेगवान बोर्ड स्वतःच उचलून काउंटरवर ठेवला.

"आणि एक हेल्मेट."

"बाबा, माझं आहे."

"माझ्यासाठी गं. मला खाली उभं राहून बघायचंय."