एकच दर

व्यापाऱ्याने तिचं टोमॅटोचं क्रेट पायाने बाजूला सरकवलं.

"ताई, माल एक नंबर आहे. पण तुमच्या दादांचा निम्म्या किमतीत मिळतोय."

दादा, म्हणजे तिचा सख्खा भाऊ, पलीकडच्या गाळ्यावर निवांत चहा पीत होता.

तिचं डोकं तापलं. रोपं दोघांची एकाच रोपवाटिकेतली. फरक पाण्याचा. दादाचं शेत वर, कालव्याला लागून. त्याला एकरी पाणीपट्टी. ती भरली की पाणी हवं तेवढं घ्या. तिचं सासर उताराखाली. तिथे घरची विहीर आणि तिच्यावर पाणी खात्याचं मीटर. थेंबाथेंबाचे पैसे.

विहीर मात्र नावाजलेली. भर उन्हाळ्यात पाणी आटत नसे. आजेसासऱ्यांनी जागा अचूक हेरली, असं घरात सगळे सांगत.

संध्याकाळी ती दादाकडे गेली. सऱ्या तुडुंब भरून पाणी बांधावरून उतरत होतं आणि खालच्या नाल्याच्या वाळूत जिरत होतं.

"अरे, कालव्याचं दार तरी बंद कर!"

"कशाला? पट्टी तेवढीच."

"मी ठिबकने एकेक झाड जगवते, आणि तू नाल्याला पाणी पाजतोस!"

"लहानपणापासून तुला माझ्याच ताटातलं जास्त दिसतं," तो हसला.

ते हसणं तिला झोंबलं. दुसऱ्या दिवशी ती पाणी खात्यात जाऊन उभी राहिली.

"बाई, कालव्यावर मीटर म्हणजे मोहोळात हात घालणं," साहेब म्हणाले.

"माझ्या विहिरीवर बसवताना माशा झोपल्या होत्या वाटतं?"

तिने उताराखालच्या बायका गोळा केल्या. खात्याच्या दारात ठिय्या दिला. सुनावणीत तिचा आवाज चिरकला, पण थांबला नाही. "नासाडी करणारा स्वस्तात विकणार आणि पाणी वाचवणारी बाजारातून उठणार, हा कुठला न्याय? पाण्याला दर लावायचाच असेल, तर सगळ्यांना एकच लावा!"

साहेबांनी हुकूम काढला. कालव्यावर मीटरं बसली. दर एकच.

दादाने बोलणं टाकलं. पण त्यानेही ठिबक बसवलं, दार घट्ट बंद केलं. त्याचे बांध कोरडे झाले आणि टोमॅटो महागले. तोच व्यापारी आता स्वतःहून तिच्या दारी आला.

"ताई, पुढचा सगळा तोडा माझा."

"क्रेट पायाने सरकवायचं नाही," ती म्हणाली, आणि फळं भरायला आलेल्या झाडांना पाणी सोडायला विहिरीकडे गेली.

पंप घरघरला. पाइपातून नुसती हवा आली. मिस्त्रीने पंप खोलला, तपासला, पुन्हा बसवला.

"पंप ठणठणीत आहे."

ती काठावरून वाकली. आयुष्यात पहिल्यांदाच तिला या विहिरीचा तळ दिसत होता.

सासूबाई काठी टेकत आल्या आणि आत डोकावल्या.

"कालवा यायच्या आधी," त्या म्हणाल्या, "अश्शीच दिसायची."