चौघींची स्वस्तातली सहल

"आठवडा झाला, हिचा पाय घरात ठरत नाही," लाँड्रीची मालकीण इस्त्री टेबलावर आपटत म्हणाली. "हाक मारावी तर ऐकू येत नाही. जेवायला बसवावं तर दोन घास खाऊन उठते. आणि त्या मैत्रिणींचा फोन आला, की खिदळणं पार गल्लीच्या टोकापर्यंत!"

नवऱ्याने चादरीची दोन टोकं धरली होती. तो म्हणाला, "जाऊ दे की. हौस आहे."

"तुम्ही मध्ये बोलू नका. लाडावून ठेवलंय ते तुम्हीच. चाकांची बॅग कोणी आणली चोरून?"

नवऱ्याने चादर जरा वर धरली आणि तो तिच्याआड गेला.

शाळेत एका बाकावर बसणाऱ्या चौघी परदेशातलं एक शहर बघायला निघाल्या होत्या. सगळं स्वस्तातलं. विमान असं, की खायला-प्यायला काही मिळणार नाही आणि सोबत एकच लहान बॅग चालणार. राहायला एक खोली, तिच्यात दुमजली पलंग, यांच्याशिवाय आणखी चार अनोळखी बायका. शहर पायी बघायचं, फारच झालं तर बसने. हे सगळं चौघींपैकी या घरच्या बाईसाहेबांनी फोनवर शोधून काढलं होतं आणि मालकिणीला सांगितलं ते तिकिटं काढून झाल्यावर.

मालकिणीने तिथल्या तिथे 'नाही' म्हटलं. तिची शाळा फारशी झाली नव्हती, पण लाँड्री तिने उभी केली होती आणि घर तिच्या शब्दावर चालत होतं. तिचं 'नाही' म्हणजे खळ घातलेली कॉलर. वाकत नसे.

"तू 'जा' म्हटल्याशिवाय मी दाराबाहेर पाऊल टाकणार नाही," बाईसाहेबांनीही ऐकवलं होतं. "पण मग माझं रुसलेलं तोंड रोज बघावं लागेल, सांगून ठेवते."

आणि ही नाही तर आम्हीही नाही, असं बाकीच्या तिघींनी कळवून टाकलं होतं.

आज दुपारी टॅक्सी यायची होती. 'जा' अजून आलं नव्हतं.

मालकीण आतल्या खोलीत आली. पलंगावर बॅग उघडी होती. आत कपड्यांच्या सुरळ्या.

"हे कपडे आहेत की चटया?"

"गुंडाळले की जागा कमी लागते. फोनमध्ये दाखवलं."

"फोनने कधी इस्त्री धरली होती? लाँड्रीच्या घरातून सुरळ्या घेऊन जाणार! सरक तिकडे."

तिने एकेक सुरळी उलगडली. तळहाताने सुरकुत्या काढल्या, बाह्या आत घेतल्या आणि घड्या घालू लागली.

"झोपणार कुठल्या पलंगावर?"

"वरच्या. तसं बजावून ठेवलंय मी सगळ्यांना."

मालकिणीचे हात थांबले. "साध्या स्टुलावर चढलीस तर पडलीस, गुडघा अजून धड झालेला नाही, आणि म्हणे वरच्या पलंगावर!"

"किती ओरडतेस गं! गिऱ्हाईकं पळतील."

"पळू देत. हे वय आहे का तुझं असं भटकायचं? उद्या लोक मलाच विचारतील, हिला अडवायला घरात कोणी नव्हतं का?"

"त्यांना सांग, होती एक. फार मोठ्या आवाजाची."

मालकिणीला हसू आलं. ते तिने घडीत दाबलं.

बाईसाहेब पलंगाच्या कडेवर बसून पाय हलवत होत्या. मग पाय थांबले. "खरं सांगू? शाळेत होतो तेव्हापासून म्हणतोय, जाऊ, जाऊ. आता नाही निघालो तर चौघींचं पुन्हा जमायचं नाही."

मालकिणीने शेवटची घडी घातली. घड्या बॅगेत बसल्या आणि एका कोपऱ्यात जागा उरली. तिथे तिने गुडघ्याचा पट्टा ठेवला, वर लोकरीचा स्वेटर दाबला.

"स्वेटर नको. फोटोत जाडी दिसते मी."

"जाडी दिसलीस तर चालेल. खोकत आलीस तर चालायचं नाही."

"म्हणजे जाऊ?"

"मी स्वेटरबद्दल बोलतेय."

बाहेर हॉर्न वाजला. "ए बुटके!" टॅक्सीतून तिघी एकदम ओरडल्या. "आटप लवकर, नाहीतर खिडकी गेली तुझी!"

नवरा हळूच आत आला आणि बॅग उचलून बाहेर घेऊन गेला. मालकिणीने त्याला अडवलं नाही.

दारापाशी येऊन बाईसाहेब उभ्या राहिल्या. नवे बूट, खांद्याला पर्स. बुटांची टोकं उंबऱ्याला टेकलेली, पण पुढे सरकत नव्हती. ती मान वर करून मालकिणीकडे बघत राहिली. टॅक्सीतल्या तिघींनी खिडकीतून माना बाहेर काढल्या.

मालकीण खाली वाकली. तिच्या बुटाची सुटलेली नाडी तिने घट्ट बांधली, गाठ ओढून पाहिली आणि कमरेवर हात ठेवून सरळ उभी राहिली.

"आजवर कोणाचं म्हणून ऐकलं नाहीस, माझं काय ऐकणार! हट्टी ती हट्टीच तू. जा, पोटभर फिरून ये. पण धडधाकट ये. मला आई एकच आहे."