सासऱ्यांची संमती

सिंधूनं सही केली आणि पेन टेबलावर ठेवलं. मनगटावरचा काळानिळा डाग तिनं पदराखाली घेतला. परवा आंघोळ घालताना सासऱ्यांनी, धोंडप्पांनी, तिला ढकललं होतं.

"झालं ना मॅडम? निलंग्याची दीडची गाडी सापडंल."

"अजून बाबांना विचारायचंय," डॉ. बुद्धप्रिया म्हणाल्या.

स्मृतिभ्रंश होऊन आरडाओरडा, मारहाण करणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी एका नव्या गोळीची चाचणी लातूरच्या त्या दवाखान्यात चालू होती. चाचणीचा आराखडा बुद्धप्रियांनीच लिहिला होता. घरच्यांनी सही केली तरी रुग्ण नको म्हणाला, तर त्याला घ्यायचं नाही, हा नियमही त्यांचाच. दोन महिन्यांत सतरा जण येऊन गेले. घेता आले ते चौघंच.

त्यांनी खुर्ची धोंडप्पांसमोर ओढली. "बाबा, एक नवी गोळी आहे. जीव शांत राहील कदाचित. त्रासही होऊ शकतो, झटकाही येऊ शकतो. घ्याल का?"

धोंडप्पा खिडकीकडं बघत होते. "ब्याड," ते कानडीत म्हणाले. मग मराठीत, "न्हाई."

"मॅडम, ते आंघोळीलाबी न्हाई म्हनतेत. जेवायलाबी. त्यांचं काय मनावर घेता."

बुद्धप्रियांनी चहा मागवला. धोंडप्पांनी तो बशीत ओतून सावकाश प्यायला. चेहरा जरा निवळला. मग बुद्धप्रियांनी पुन्हा विचारलं, आणखी सोपं करून. धोंडप्पांनी बशी खाली ठेवली, या वेळी नीट त्यांच्याकडं बघितलं आणि हात जोडले.

"नको बाई. न्हाई घेत मी."

या नियमासाठी बुद्धप्रिया बैठकीत तासभर भांडल्या होत्या. आज तो त्यांनाच जड गेला. त्यांनी सिंधूच्या सहीवर आडवी रेघ मारली.

"त्यांच्या मनाविरुद्ध मला देता येत नाही, सिंधूताई. दर पंधरा दिवसांनी घेऊन या. दुसरं काही जमतं का बघू."

 दीड वर्षात सिंधू सलग चार तास झोपली नव्हती. रागवायचंसुद्धा त्राण नव्हतं. तिनं वाकून सासऱ्यांच्या पायात चपला सरकवल्या, दंडाला धरून त्यांना उठवलं आणि दाराशी जाऊन थांबली.

"त्यांचं न्हाई तुम्ही ऐकलं, मॅडम. बरं केलं," ती म्हणाली. "माझं न्हाई मी कुनाला सांगू?"