अर्जातले वडील

शुक्रवार पेठेत मुकुंद मास्तर इंग्रजी लेखन शिकवायचे, म्हणजे नोकरीचा एकच अर्ज सगळ्यांकडून पाठ करून घ्यायचे. त्या अर्जात उमेदवाराचे वडील गेल्याच वर्षी वारलेले असत. अकलूजच्या कुंडलिकनं भीत भीत विचारलं, "सर, आमचं वडील हायती की! तेवढं वाक्य गाळू का?"

"मग त्या जागी काय लिहिणार? स्वतःचं?" मास्तर पोट धरून हसले. "अरे ढब्बू, स्वतःचं लिहिलं की इंग्रजी बिघडतं. वीस वर्षांत या अर्जातला स्वल्पविराम हलला नाही, आणि तू बाप हलवायला निघालास!"

कुंडलिकनं मुकाट्यानं तोच अर्ज धाडला. १९७४ साली सात रस्त्यावरच्या एका कचेरीतून कारकुनाच्या जागेसाठी बोलावणं आलं, तेव्हा वडीलच नवा पटका बांधून सोबत निघाले. शिपाई 'बाहेर थांबा' म्हणेपर्यंत ते साहेबांच्या खोलीत शिरलेही. "रामराम साहेब. मी जोतीराम, कुंडलिकचा बाप. पोरगं लई गुणाचं हाय."

साहेबांनी एकदा अर्जाकडे पाहिलं, एकदा जोतीरामांकडे. कुंडलिक मागून वडिलांची बाही ओढू लागला. नोकरी तर गेलीच, आता खोटं लिहिलं म्हणून पोलीस बोलावतात की काय!

साहेबांनी शांतपणे अर्जाची घडी घातली.



"मुकुंद मास्तरांचा क्लास ना? सोमवारपासून ये कामावर. आणि मामा, तुम्ही बसा. आमचेही तीर्थरूप याच अर्जात वारले, येतीलच आता माझा डबा घेऊन."