पांढरा पेनड्राइव्ह

लॅपटॉपचं बटण दाबून घड्याळजींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पडदा उजळून बाण हलायला लागेपर्यंत अकरा मिनिटं गेली. मागच्या महिन्यात सात पुरत होती.

"हे असंच वाढत जाणार, मामा," शेजारी बसलेले जावई म्हणाले. "लॅपटॉप धडधाकट आहे, आतली सिस्टिम जड झालीय. दुसरी हलकी घातली की पळायला लागेल."

"आणि आतलं सामान?"

"नवीन बसवताना डिस्क पुसावी लागते. त्याआधी तुमच्या पुस्तकाची एक प्रत काढून ठेवू. कुठं ठेवलंय ते?"

घड्याळजी चष्म्याची काच पुसत बसले. म्हणजे गाडी पुस्तकावर आलीच.

कुठलं घड्याळ कशानं बंद पडतं आणि कसं चालू होतं, हे चाळीस वर्षांचं शहाणपण त्यांनी नऊ वर्षं खपून लिहिलं होतं. एक प्रकरण बाकी होतं, पुस्तक शुक्रवारी प्रकाशकबाईंच्या हाती द्यायचं होतं. टिपणांच्या वह्या टाइप होतील तशा त्यांनी स्वतः फाडल्या होत्या. दुकानातल्या भागीदारानं एकदा त्यांचं स्प्रिंग काढायचं अवजार आपल्या नावावर खपवलं होतं, तेव्हापासून ते ताकही फुंकून पीत. आणि हे जावई तंत्रसंस्थेत शिकवणारे. "वाचायला द्या ना," असं दोनदा म्हणून झालं होतं.

"जावईबापू, प्रत कुणाला लागते?"

"तुम्हालाच, मामा."

ते हसले. घड्याळजी हसले नाहीत.

जावयांनी खिशातून तीन पेनड्राइव्ह काढले. लाल, निळा, पांढरा, प्रत्येकात वेगळी सिस्टिम. "आधी यांवरून चालवून पाहा. आवडेल ती कायमची बसवू. तोवर जुन्या डिस्कला धक्का लागत नाही, आणि लॅपटॉप बंद केला की यातलं काही मागे उरत नाही."

घड्याळजी त्यांच्या बोटांवर नजर ठेवून होते. मागे काही न ठेवता काम करणारी माणसं त्यांनी भरपूर पाहिली होती.

लाल सिस्टिमची चित्रं बोटभर मोठी होती, ती लहान मुलांची पाटी वाटली. निळी सुरू होताच इंटरनेट मागायला लागली, तेव्हा घड्याळजींनी ती लगेच काढायला लावली. पांढरी गुपचूप चाळीस सेकंदांत उभी राहिली. तिच्यात जुन्या डिस्कवरच्या फायलीही दिसत होत्या.

"ही ठीक आहे. दोन दिवस वापरून बघतो," घड्याळजी म्हणाले.

तेवढ्यात फोन आला म्हणून जावई गॅलरीत गेले. दार पुरतं लागलं नव्हतं. "हो, मामांचंच पुस्तक," ते हळू आवाजात सांगत होते. "नाही, त्यांना इतक्यात कळायला नको. हातात आलं की लगेच घेतो."

संध्याकाळी घड्याळजींनी लेकीला फोन करून सगळं सांगितलं. ती खो खो हसली. "बाबा, यालाच जावईशोध म्हणतात."

त्यांनी वाद घातला नाही. उघडलेल्या घड्याळाचे सगळे भाग एका वाटीत ठेवायचे, वाटीवर झाकण घालायचं, जुन्या पेटीत एक खिळासुद्धा ठेवायचा नाही, हा त्यांचा दुकानातला नियम. मागे राहिलेलं चाक हमखास दुसऱ्याच्या घड्याळात सापडतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पांढऱ्या पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करून त्यांनी अख्खं पुस्तक जुन्या डिस्कवरून नव्या पडद्यावर आणलं. जुन्या जागेवरचं खोडलं, कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. मग शेवटचं प्रकरण लिहायला बसले आणि दुपारी चारला पूर्णविराम दिला. लॅपटॉप बंद करून त्यांनी पेनड्राइव्ह उपसला आणि रिकाम्या चष्म्याच्या डबीत ठेवला. वाटीला झाकण बसलं.

गुरुवारी जावई आले.

"आता खुशाल पुसा डिस्क," घड्याळजी म्हणाले. "पांढरीच बसवा. पण हा पेनड्राइव्ह माझ्याकडे राहील. तुमच्याकडे तसलाच दुसरा असेल ना?"

"आहे की. पण मामा, पुस्तकाची प्रत..."

"नको म्हटलं ना. माझी व्यवस्था मी केलीय."

जावई कामाला लागले. त्यांचा चेहरा उतरलेला दिसला. घड्याळजींना अनेक दिवसांनी बरं वाटलं.

शुक्रवारी प्रकाशकबाईंनी त्यांना हौसेनं खुर्ची दिली. "तुमच्या जावयांनी पंधरा दिवस नुसता धोशा लावलाय. संस्थेसाठी दीडशे प्रती आधीच नोंदवल्यात. तुम्हाला शेवटी सांगायचं म्हणाले होते, माझ्याच तोंडात तीळ भिजत नाही."

घड्याळजींच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्यांनी डबी उघडून पेनड्राइव्ह पुढे केला.

बाईंनी तो लावून पाहिला. "यात सिस्टिमच्याच फायली आहेत. पुस्तक कुठंय?"

"तसं नाही दिसणार. यावरून कॉम्प्युटर सुरू करा."

चाळीस सेकंदांत पडदा उजळला. कोरा करकरीत, मंगळवारी जावयांनी पहिल्यांदा दाखवला होता तसाच. घड्याळजींनी आधी बाईंकडे पाहिलं, मग पडद्याकडे. लॅपटॉप बंद केला की यातलं काही मागे उरत नाही, हे जावयांचं वाक्य त्यांना आता पुरतं ऐकू आलं.

त्यांनी तिथूनच जावयांना फोन लावला. इतके दिवस उराशी बाळगलेला संशय आज तरी खरा निघावा, असं त्यांना अगदी मनापासून वाटत होतं.

"जावईबापू, मी रागावणार नाही. खरं सांगा. डिस्क पुसण्याआधी माझा डोळा चुकवून तुम्ही पुस्तकाची एक प्रत काढलीत ना?"

"छे हो, मामा. तुम्ही नको म्हणालात ना? मी कसा हात लावेन?"