डुगडुगतं टेबल

मध्यस्थीसाठी बसलेल्या दोन सुतार भावांपैकी थोरल्याने टेबलावर मूठ आपटली. "सात वर्षं कोर्टाचे हेलपाटे घातलेत. निकालाशिवाय कारखान्याचं कुलूप निघणार नाही." टेबल डुगडुगलं. "बापाचा कारखाना एकट्याने गिळायला बसलायस तू," म्हणत धाकट्यानेही मूठ आपटली. टेबल पुन्हा डुगडुगलं. धाकटा चडफडत खाली वाकला. कुणी न सांगता थोरल्याने टेबलाची कड उचलून धरली. धाकट्याने खिशातली कोर्टाची नोटीस घडी करून आखूड पायाखाली सरकवली. थोरल्याचं डोकं भडकलं. "कागद काय कोंबतोस? चार दिवसांत दबेल तो. बाबांनी हेच शिकवलं? लाकडाची पाचर तास." "कशाने तासू? माझी पटाशी सात वर्षं तुझ्या कुलपात गंजतेय." थोरल्याने किल्ली काढून टेबलावर आपटली. "मग जा, घेऊन ये," तो खेकसला, "आणि येताना माझीही आण."