दुसरी माती

मानमोडीची साथ आली तेव्हा कुरवंड्यात मढं उचलण्याआधी बारकूच गायचा. "माती मागते माती आपली, देऊन टाक गड्या," एवढं तो म्हणायचा आणि मागे बसलेले चौघे तीच ओळ उचलून झील धरायचे. पंधरा दिवसांत ते चौघेही गेले. त्यांच्यासाठीही बारकूच गायला.

पुढच्या मढ्यापाशी तो एकटाच बसला आणि ओळ म्हणाला. मागून झील आली. तेच चार घोगरे आवाज.

बारकूने वळून पाहिलं नाही. भ्यायलाही अंगात जोर लागतो, तो उरला नव्हता. मग रोजच झील येत राहिली.

आज भरदुपारी बाया म्हातारीच्या ओसरीवर तिचा लेक कान्हू निजवला होता. बारकू गाऊ लागला. झील उठली तशी बायाने मान वर केली.

"भाऊ, बाईमाणूस कवापासनं झील धराया लागलं?"

बारकूने कान दिला. चार आवाजांत पाचवा होता, बारीक. दुसरी 'माती' तो उगाच वर चढवत होता.

बारकूची बायको चिंगी जात्यावर हेच गाणं अस्सं चुकीचं म्हणायची आणि रोज त्याच्या शिव्या खायची. सकाळी तो निघाला तेव्हा ती चुलीपुढं बसली होती. "आंबील करून ठिवते, बिगीनं या," म्हणाली होती.

"थांबलात का, भाऊ?" बायाने विचारलं.

बारकूने ओळ पुन्हा उचलली. या खेपेला दुसरी 'माती' त्यानेही वर चढवली.